प्रारब्ध कुणाचे?

9 ऑक्टोबर 2018. भिलाई पोलाद कारखान्यात कोक ओव्हन विभागातल्या वायुवाहिनीची देखभाल चालू असताना आग भडकली. दहाहून अधिक माणसे गेली. विश्वकर्मा पूजेला जेमतेम 22 दिवस झाले होते. शेजारी म्हणाले, ‘प्रारब्ध.’

माझे आयुष्य देखभालीच्या कामात गेले. मला हे पटत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, ठिणगी कुणाची पत्रिका बघत नाही. पण वॉल्व्ह बंद करणे, वायू मोजणे आणि मगच परमिटवर सही करणे माणसाच्या हातात असते.

कर्मसिद्धान्त सांगतो, करणाऱ्यालाच फळ मिळते. इथे तपासणी एक जण टाळतो आणि भाजतो दुसराच. त्याला प्रारब्ध म्हणणे म्हणजे मेलेल्यावरच दोष ठेवणे. विश्वकर्म्याला मी हार घालतो, पण तपासणीशिवाय ती पूजा अपुरी आहे.