‘प्रहार’ : भयाची वाटणी

नाना पाटेकर यांच्या ‘प्रहार’ (१९९१) या हिंदी चित्रपटाची चर्चा बहुधा हिंसेच्या समर्थनाभोवती फिरते. त्यातील अधिक अवघड नैतिक प्रश्न मात्र सोबत्याविषयीचा आहे. मेजर चव्हाणने कमांडो-प्रशिक्षणात घडविलेला पीटर डिसूझा ओलिसांच्या सुटकेच्या कारवाईत अपंग होतो, सैन्य सोडून मुंबईला वडिलांच्या बेकरीत परततो आणि खंडणीखोर गुंडांच्या हातून आपल्याच वस्तीत मारला जातो. लग्नासाठी आलेल्या मेजरच्या वाट्याला येते ते शेजाऱ्यांचे मौन. मेजरच्या लेखी ते निव्वळ भ्याडपण होय. हा निवाडा न्याय्य आहे काय?

चित्रपटाचाच पूर्वार्ध नीट पाहिला तर नकारार्थी उत्तर द्यावे लागते. प्रशिक्षणाची ती दीर्घ, निर्दय दृश्ये सैनिकाचे भय नाहीसे करीत नाहीत. ती ते तुकडीत वाटून देतात. दोराच्या दुसऱ्या टोकाशी कोणीतरी आहे हे ज्याला ठाऊक असते, त्याचे धैर्य एकट्याचे नसतेच. या नात्याला मैत्री म्हणणेही सैलपणाचे ठरेल. सोबती निवडलेला नसतो. तो आवडावा अशीही अट नसते. अॅरिस्टॉटलने पेशेवर सैनिकाचे अनुभवजन्य धैर्य आणि सहनागरिकांसमोरच्या लज्जेतून येणारे धैर्य यांत भेद केला व दोहोंनाही खऱ्या शौर्याहून निराळे मानले. मेजरपाशी पहिले आहे. वस्तीकडे तो दुसरे मागतो. परंतु लज्जा वाटण्यासाठीही माणसे आधी एकमेकांची असावी लागतात. येथे प्रत्येक दाराआडचे भय सुटे आहे, आणि हप्ता घेणाऱ्याचे सारे बळ त्या सुटेपणावरच उभे असते. (कामठीची छावणी १८२१ पासून नागपूरच्या शेजारी आहे, म्हणून काही छावणीची नीती इतवारीच्या बाजारात उतरलेली नाही.) शिवाय लेकुरवाळ्याचे मौन आणि ज्याच्यामागे रडणारे कोणी नाही त्याचे धाडस एकाच तराजूत कसे घालावे?

पीटरचा सूड घेताना मेजरही एकटाच असतो. त्याच्यामागे तुकडी नाही, आज्ञा नाही; निष्ठा सोबत्याची असली तरी कृती आता सैनिकाची उरलेली नाही. न्यायालय त्याला मनोरुग्ण ठरविते, तेव्हा दिग्दर्शकाचा रोख व्यवस्थेवर आहे हे उघड आहे. अखेरच्या दृश्यात असंख्य मुले धावतात : उद्याचा प्रत्येक नागरिक सैनिक व्हावा! हबीब तन्वीर यांनी उभा केलेल्या, मुलगा गमावलेल्या त्या म्हाताऱ्या बेकरीवाल्याने या धावण्यात कोठे उभे राहावे, हे मात्र चित्रपट विचारीत नाही.