नम्रतेची पहिली पायरी

संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात, इटलीतील मोंते कासिनो येथे, मठवासी बंधूंसाठी जी नियमावली लिहिली तिचे सातवे प्रकरण नम्रतेवर आहे, आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेने पुढे या गुणाचा जो विचार केला, त्यातला बराचसा याच प्रकरणाच्या आधाराने केला आहे. त्यात नम्रतेच्या बारा पायऱ्या सांगितल्या आहेत. कमी बोलावे, उठसूट हसू नये, चालताबसताना मान लवलेली असावी, अशा बाह्य वर्तनाच्या गोष्टी त्यांत आहेत; पण त्या अगदी शेवटच्या पायऱ्यांवर येतात. पहिल्या पायरीवर यांपैकी काहीच नाही. तेथे सांगितले आहे ते एवढेच, की माणसाने देवाचे भय, म्हणजे आपण सदोदित देवासमोर आहोत ही जाणीव, क्षणभरही नजरेआड होऊ देऊ नये. स्वतःला कसे लेखावे हा प्रश्न बेनेडिक्ट सुरुवातीला घेतच नाहीत. आधी देवाची जागा ठरते, आणि मग माणसाची.

हा क्रम नीट पाहिला, तर नम्र माणूस म्हणजे स्वतःविषयी हीन मत बाळगणारा माणूस ही रूढ समजूत टिकत नाही, कारण स्वतःविषयीचे मत उच्च असो वा हीन, ते सतत कुरवाळत बसणाऱ्याचे लक्ष स्वतःवरच खिळलेले असते. लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात मंदिरात प्रार्थनेला गेलेल्या दोघांचा दाखला आहे: एक परूशी, म्हणजे नियमशास्त्राचे काटेकोर पालन करणाऱ्या यहुदी पंथाचा अनुयायी, आणि दुसरा जकातदार, म्हणजे परक्या सत्तेसाठी वसुली करणारा आणि म्हणून स्वकीयांच्या तिरस्काराचा धनी झालेला माणूस. परूशी खोटे बोलतो असे येशू कोठेही म्हणत नाही. तो आठवड्यातून दोनदा उपास करतो, उत्पन्नाचा दशांश देतो, आणि त्याची प्रार्थना देवाचे आभार मानूनच सुरू होते. तरीही त्या प्रार्थनेत देवाला काही करायला उरलेले नाही, कारण स्वतःला मोजण्याचे माप परूशाने देवाकडून न घेता मागे उभ्या असलेल्या जकातदाराकडून घेतले आहे. जकातदार कुणाशी तुलना करत नाही. तो दया मागतो आणि थांबतो. यावरून असे दिसते की देवाचे नाव ओठांवर असणे आणि देव केंद्रस्थानी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि आपल्या क्षुद्रपणाचा उच्चार करण्यातच ज्याचे मन रमते, तो भाविक शब्द जकातदाराचे वापरत असला तरी त्याची नजर परूशाप्रमाणे स्वतःवरच असते.

ख्रिस्ती नम्रतेचे मूळ अर्थातच मठांच्या नियमांत नसून ख्रिस्ताच्या चरित्रात आहे. पौलाने फिलिप्पै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ख्रिस्ताने देवासमान असूनही त्या पदाला कवटाळून न बसता स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले आणि क्रुसावरील मरणही पत्करले, असे सांगितले आहे. या रिक्त होण्याला धर्मशास्त्रात ‘केनोसिस’ ही ग्रीक संज्ञा रुळली आहे. फिलिप्पै ही रोमी वसाहत होती, निवृत्त सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली. मानमरातब, पद आणि नागरिकत्व यांची तेथील माणसांना मोठी मातब्बरी होती, आणि क्रूस ही शिक्षा तर मुख्यतः गुलाम व बंडखोर यांच्यासाठी राखलेली होती. अशा नगरात खाली उतरणे हेच देवाचे रूप आहे असे सांगणे किती धाडसाचे होते, याची कल्पना क्रूस सोन्याच्या साखळीत घालण्याची सवय झालेल्या काळाला सहजासहजी येत नाही.

योहानकृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात हाच विचार एका कृतीतून प्रकट होतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशू उठतो, अंगावरचे वस्त्र काढून ठेवतो, कमरेला रुमाल बांधतो, गंगाळात पाणी ओततो आणि शिष्यांचे पाय धुऊन त्या रुमालाने पुसू लागतो. हे काम नोकराचे होते, आणि म्हणूनच पेत्र संकोचून नकार देतो. मात्र शुभवर्तमानकाराने या कृतीच्या अगोदर एक गोष्ट मुद्दाम नोंदवली आहे, आणि ती वाचताना बहुधा हातची सुटते: आपण देवापासून आलो आहोत व देवाकडे जात आहोत, सर्व काही आपल्या हाती दिलेले आहे, हे येशूला ठाऊक होते, आणि ते ठाऊक असताना तो उठला. म्हणजे पाय धुण्याची ही कृती न्यूनगंडातून आलेली नाही. ज्याला आपले मोल कोठून येते हे पक्के माहीत आहे, त्याला ते समोरच्या बारा जणांकडून मिळवायचे नसते, आणि म्हणून त्याचे हात त्यांच्या पायांपर्यंत जाऊ शकतात.

याच प्रकाशात बेनेडिक्ट यांच्या सातव्या पायरीचा विचार करावा लागतो, कारण ती पायरी अवघड आहे: आपण सर्वांहून हीन आहोत असे केवळ तोंडाने न म्हणता अंतःकरणातून मानावे, असे ती सांगते. कुशल माणसाने आपल्याहून अकुशल माणसाला खरोखरच श्रेष्ठ मानायचे, तर त्याला स्वतःशी खोटे बोलावे लागेल, आणि असत्यावर उभा राहिलेला सद्गुण हा सद्गुणच नव्हे. तेराव्या शतकातील तत्त्वज्ञ थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा थिओलॉजिए’ या ग्रंथात ही गाठ मोठ्या सूक्ष्मपणे सोडवली. त्यांच्या मते प्रत्येक माणसात दोन भाग वेगळे करता येतात: जे देवाकडून आले ते, आणि जे त्याचे स्वतःचे, म्हणजे त्याचे दोष व उणिवा. माणसाने आपले जे स्वतःचे आहे त्याची तुलना शेजाऱ्यातल्या देवदत्त भागाशी करावी, आणि मग त्याला खाली झुकण्यात काहीच अवघड वाटणार नाही. परंतु स्वतःला मिळालेले देवाचे दान शेजाऱ्याच्या दानापेक्षा कमीच आहे असे मानण्याची सक्ती नम्रता करत नाही. शिवाय थोर कार्य अंगावर घेण्याच्या वृत्तीलाही अक्वायनस सद्गुण मानतात आणि तिचे नम्रतेशी वैर नाही असे दाखवतात. नम्र माणसाने आपली बुद्धी, आपला गळा, आपली कारागिरी लपवून ठेवावी ही अपेक्षा या परंपरेच्या उत्तम विचारवंतांची नाही.

सिद्धांत इतका स्पष्ट असला, तरी दिवसभराच्या धबडग्यात देव केंद्रस्थानी ठेवायचा म्हणजे नेमके काय करायचे, हा प्रश्न उरतोच, आणि बेनेडिक्ट यांची नियमावली खरी समृद्ध होते ती येथे. मठाचा कोठीप्रमुख भांडीकुंडी, अवजारे, सारा जिन्नस वेदीवरील पवित्र पात्रांसारखा सांभाळील, असे ती सांगते. स्वयंपाकघरातील सेवा आठवड्याच्या पाळीने सर्वांनी करायची. आठवडा संपताना शनिवारी सेवेकऱ्याने सफाई करायची, हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, पाळी संपवणारा व सुरू करणारा अशा दोघांनी मिळून सर्व बंधूंचे पाय धुवायचे आणि मग भांडी स्वच्छ व धड अवस्थेत कोठीप्रमुखाच्या हवाली करायची. भांडी फुटलेली नकोत, हा तपशील एखाद्या धर्मग्रंथात क्षुल्लक वाटेल. पण वेदीवरचे पात्र आणि भाजी ढवळायचा डाव यांत जो भेद करत नाही, त्याच्या दिवसात देवासाठी राखीव वेळ आणि उरलेला वेळ असे दोन तुकडे पडत नाहीत. सत्तावन्नाव्या प्रकरणात मठातील कारागिरांविषयी याहूनही कठोर नियम आहे. आपल्या कौशल्यामुळे मठाचे भले होत आहे अशा अभिमानाने एखादा कारागीर फुगला, तर त्याला त्या कामावरून दूर करावे. आणि मठातील वस्तू विकताना बाहेरच्या बाजारापेक्षा थोडा कमी भाव घ्यावा, म्हणजे लोभाचा शिरकाव होणार नाही. नम्रता येथे मनाची हळवी अवस्था राहत नाही, ती वस्तूच्या किमतीत उतरते.

पॅरिसमधील कार्मेलाईट मठात १६४० साली दाखल झालेले ब्रदर लॉरेन्स हे याच वाटेवरचे पुढचे नाव. मूळ नाव निकोला एर्मां. तरुणपणी सैनिक, युद्धात जखमी होऊन पायाने अधू झालेले, विद्वत्तेचा गंधही नसलेले. मठात त्यांच्या वाट्याला स्वयंपाकघर आले, आणि त्या कामाची त्यांना मनापासून नावड होती, ही गोष्ट त्यांच्या संभाषणांची टिपणे ठेवणारे धर्मगुरू जोझेफ द बोफोर यांनी स्पष्ट नोंदवली आहे. देवाचे सान्निध्य, म्हणजे कोणतेही काम करताना देवाशी मनातल्या मनात साधे बोलणे चालू ठेवणे, हा त्यांचा एकमेव अभ्यास होता. एकदा मठासाठी द्राक्षारस खरेदी करायला त्यांना बर्गंडीला पाठवले. व्यवहारात गती नाही, पाय अधू, त्यामुळे नावेत पिंपांवरून लोळतच इकडून तिकडे सरकावे लागे. हे तुझेच काम आहे असे देवाला सांगून ते कामाला लागले, आणि खरेदी व्यवस्थित पार पडली. याहूनही मोलाची आहे ती चूक झाल्यावरची त्यांची रीत. चूक झाली की ते देवापाशी कबूल करत, तुझ्या मदतीवाचून मी हेच करणार असे म्हणत, आणि तिचा घोळ न घालता पुढच्या कामाकडे वळत. स्वतःच्या अपयशाने फार काळ हादरून जाणे हाही अहंकारच असतो, कारण आपल्याकडून असे व्हायलाच नको होते ही अपेक्षा त्याच्या मुळाशी असते, आणि लॉरेन्स यांना ती अपेक्षा राहिलेली नव्हती.

यापुढचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ज्यांना समाजाने आधीच खाली दडपले आहे, त्यांना नम्रतेचा उपदेश करण्यात कोणता न्याय आहे? अमेरिकेतील धर्मशास्त्रज्ञ व्हॅलरी सेव्हिंग यांनी १९६० साली लिहिलेल्या लेखात असे दाखवले की अहंकार हेच मूळ पाप मानणारी धर्मचर्चा पुरुषांच्या अनुभवावर बेतलेली आहे. पुष्कळ स्त्रियांचा प्रश्न अहंकाराचा नसून स्वतःचे असे काहीच न उरण्याचा असतो. महाराष्ट्रातही अहमदनगरच्या परिसरात जे ख्रिस्ती झाले, त्यांतील मोठा वर्ग महार व मांग समाजांतून आलेला होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मान वर करू दिली नाही त्यांना मान लववण्याचा पाठ देणे म्हणजे जुनाच अपमान नव्या शब्दांत करणे होय. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायातील मरियेचे स्तोत्र तर उलट सांगते, की देव दीनांना उंच करतो आणि सत्ताधीशांना आसनांवरून खाली ओढतो. देव केंद्रस्थानी असेल, तर तेथे दुसरा कोणीही बसू शकत नाही, मग तो मालक असो, पती असो वा धर्मगुरू असो.

पंडिता रमाबाईंचे चरित्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतरच्या काळात त्यांच्या मार्गदर्शक भगिनी जेराल्डिन, तसेच काही बिशप यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्यास बिशपांनी घेतलेली हरकत त्यांना जाचली. सिद्धांतांविषयीच्या शंका त्यांनी दडवल्या नाहीत. आणि भारतातील पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटल्यावर तसलेच दुसरे जोखड मानेवर घेणार नाही, हे त्यांनी पत्रांतून ठणकावून कळवले. भगिनी जेराल्डिन यांचे त्यांच्यावर प्रेम होते, तरी त्यांना रमाबाईंच्या या वागण्यात गर्व दिसला. हा निदानाचा दोष होता, असेच म्हणावे लागते, कारण गर्व असता तर पुढचे कार्य समजण्यासारखे नाही. १८७८ साली कोलकात्यातील विद्वानांनी ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिलेल्या या संस्कृतज्ञ बाईंनी केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींसोबत आयुष्य काढले, उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचे मराठी भाषांतर केले, आणि ते करताना आपले सारे संस्कृत वैभव बाजूला ठेवले, कारण प्रचलित भाषांतर अल्पशिक्षित बायकांना कळत नसे. छापखान्यात त्याचे खिळे जुळवले ते आश्रमातल्याच स्त्रियांनी, आणि संपूर्ण ग्रंथ १९२४ साली, रमाबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाला. ज्या बाईंनी बिशपांपुढे एक पाऊल मागे घेतले नाही, त्या अक्षरओळख नुकतीच झालेल्या मुलीसाठी शब्दाशब्दाला खाली उतरत होत्या.

बेनेडिक्ट आणि रमाबाई यांच्यात तरीही एक अंतर शिल्लक राहते, आणि ते बुजवू नये. नियमावलीत एखाद्या बंधूला अशक्य काम सांगितले गेले, तर त्याने आपली अडचण शांतपणे मांडावी, पण वरिष्ठ ठाम राहिल्यास आज्ञा पाळावी असे म्हटले आहे. रमाबाईंनी ते मान्य केले नसते. मात्र त्याच नियमावलीत सर्वांत कडक शब्द मठाधिपतीसाठी आहेत. न्यायाच्या दिवशी प्रत्येक बंधूच्या आत्म्याचा जाब त्याला द्यावा लागेल, हे त्याला पुनःपुन्हा बजावले आहे, आणि महत्त्वाचा निर्णय घेण्यापूर्वी त्याने सगळ्या बंधूंना एकत्र बोलवावे, कारण योग्य गोष्ट प्रभू पुष्कळदा सर्वांत धाकट्यालाच सुचवतो, असा तेथील आदेश आहे. ज्या अधिकाऱ्याने हा आदेश स्वतः पाळलेला नाही, त्याला दुसऱ्याकडे नम्रता मागण्याचा अधिकार बेनेडिक्ट यांच्या नियमानेही मिळत नाही.