बाण सुटल्यावरचा दिवा

धनुष्यबाण या विषयातला आम्हा मध्यमवर्गीयांचा अनुभव बांबूची कामटी, सुतळी आणि खराट्याच्या काड्या यांच्यापलीकडे सहसा जात नाही. त्यातही बाण कुठं लागला हे आपल्याला शोधावं लागत नसे. शेजारच्या काकू ते सांगायला स्वतः येत. त्यामुळं अमेरिकेत बाणाच्या शेपटाला विजेचा दिवा लावतात हे ऐकल्यावर मला प्रथम वाटलं, तिकडं काकूंची टंचाई असावी.

ही माहिती पुरवली विस्कॉन्सिनमधल्या माझ्या भाच्यानं. तो स्वतः शिकार करत नाही. घरामागच्या अंगणात फोमच्या ठोकळ्याला बाण मारतो आणि जेवायला आत येतो. शिकारी आहे तो त्याचा शेजारी. तिकडं सप्टेंबरच्या मध्याला धनुष्यानं हरणं मारण्याचा हंगाम सुरू होतो आणि परवाना खिशात घालून भली भली माणसं झाडावर चढून बसतात. (आपल्याकडं 1972 च्या वन्यजीव कायद्यानं ही सोय ठेवलेली नाही. नुसतं झाडावर बसायला अर्थात कोणी मना करत नाही.)

तर तो दिवा. बाणाच्या मागच्या टोकाला खाच असलेली प्लॅस्टिकची टोपी असते, तिला नॉक म्हणतात. धनुष्याची दोरी त्या खाचेत बसते. या टोपीतच एक इवलासा दिवा आणि काडीएवढी बॅटरी बसवलेली. दोरी सुटताना जो दणका बसतो त्यानं बटण दाबलं जातं आणि दिवा पेटतो. हल्लीच्या चाकवाल्या धनुष्याचा बाण सेकंदाला ऐंशी-नव्वद मीटर धावतो, म्हणजे तीस मीटरवर पोचायला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरतो. एरवी डोळ्याला न दिसणारा हा प्रवास लाल किंवा हिरव्या रेघेसारखा दिसतो आणि पुढं गवतात तो बाण काजव्यासारखा पडून राहतो. या दिव्यामुळं बाणाचं वजन एखाद्या ग्रॅमनं वाढतं, पण तेवढ्यानंही त्याचा तोल मागं सरकतो. म्हणून जाणती मंडळी सरावही दिव्याच्याच बाणांनी करतात. सरावात नेम फारच अचूक साधला तर दुसरा बाण पहिल्याच्या शेपटात घुसतो आणि दिव्याचा चक्काचूर होतो. हुशारीबद्दल दंड करणारा खेळ मी हा एकच पाहिला. दंड करणारी कचेरी पाहिली आहे, पण तो विषय वेगळा.

आता एवढ्याशा दिव्यात वाद घालण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. पण माणूस जात पणतीवरूनसुद्धा भांडू शकते. अमेरिकेत पोप अँड यंग क्लब नावाची 1961 सालची संस्था आहे. धनुष्यानं मारलेल्या मोठ्या जनावरांची नोंद ती ठेवते. 2014 पर्यंत तिचा दंडक असा, की बाणाला दिवा असेल तर त्या शिकारीची नोंद नाही. धनुष्याची शिकार म्हणजे जनावराला निसटायची संधी देणारी शिकार. त्यात वीज आली की आज दिवा, उद्या आणखी काही, मग शिकाऱ्यानं घरीच का बसू नये? 2014 मध्ये क्लबानं दिव्यापुरता नियम सैल केला. तिरंदाजीच्या जागतिक संघटनेच्या स्पर्धांत मात्र असे दिवे चालत नाहीत.

शेजाऱ्याचं म्हणणं भाच्यानं मला मराठीत करून सांगितलं. “मामा, ते म्हणतात की दिवा नेम धरायला मुळीच मदत करत नाही. तो लागतो तेव्हा बाण सुटलेला असतो. हरीण बाहेर पडतं पहाटे नाहीतर संध्याकाळी. बाण बहुधा त्याच्या आरपार जाऊन अंधारात पडतो आणि हरीण पळतं. पुढं काय करायचं ते तो बाण सापडल्यावरच कळतं.”

“बाण काय सांगतो?”

“रक्त गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुस. काळपट लाल असेल तर यकृत. हिरवट आणि वास येणारं असेल तर आतडी. मग आठ-दहा तास मागं जायचं नाही. घाईनं गेलं तर ते तसंच उठून दूर पळतं, तळमळून मरतं आणि कोणालाच सापडत नाही. दिवा हरणासाठीच आहे म्हणतात.”

“हरणासाठी मुळात बाणच न मारणं हा उपाय निघाला नाही का अजून?” सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. याचं भाषांतर भाच्यानं शेजाऱ्याला करून सांगितलं नाही.

मला दोघांचंही पटलं आणि म्हणून झोप लागेना. मारावं की नाही, हा प्रश्न बाण सुटण्याआधीचा आहे आणि तिथं हा दिवा विझलेलाच असतो. उलट “दिवा आहे ना, सापडेल” म्हणत एखादा अधिक अंधारात, अधिक लांबून बाण सोडायला धजावेल, ही भीती आहेच. आपल्या दशरथ महाराजांनी घागर बुडबुडल्याच्या आवाजावर हत्ती समजून बाण सोडला. त्यांच्या बाणाला दिवा असता तर बाण कुठं लागला ते दिसलं असतं. समोर श्रावण आहे हे काही आधी दिसलं नसतं. जरा व्याधानं श्रीकृष्णाचा पाय हरीण समजून वेधला, तिथंही तेच.

पण त्या गोष्टीतला पुढचा भाग आपण फार लवकर सोडून देतो. किंकाळी ऐकून दशरथ पळाला नाही. आवाजाच्या रोखानं गेला, पाणी घेऊन त्या आंधळ्या आईबापांकडं गेला आणि स्वतःच्या तोंडानं सगळं सांगितलं. शाप मिळणार हे त्याला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. बाण सुटण्याआधीचा त्याचा न्याय चुकला, पण सुटल्यानंतरचं कर्तव्य त्यानं टाळलं नाही. त्या क्लबानं इतकी वर्षं जपला तो पहिला भाग. हा दिवा दुसऱ्या भागासाठी आहे. म्हणून माझं मत विचाराल तर (कोणी विचारलेलं नाही) दिवा असावा. मारायचंच ठरवलेल्या माणसाला, आपण काय केलं ते कळलंच नाही, असं म्हणायची पळवाट उरू नये.

आपल्यासारख्या अहिंसक मंडळींचे बाण तोंडातून सुटतात आणि लग्नाकार्यात, हळदीकुंकवात, कचेरीच्या मधल्या सुट्टीत आरपार जातात. त्या शब्दांना कोणी असे दिवे बसवून दिले, तर एखाद्या बारशाच्या पंगतीत इतका उजेड पडेल की मांडववाल्याला विजेचं भाडं लावता येणार नाही. मात्र त्या उजेडात पाहुणे मंडळी घाईघाईनं एकच गोष्ट शोधू लागतील, ती म्हणजे आपापल्या चपला.