उत्सर्ग, चवदार तळे आणि चार्जिंग केंद्र

विहीर, तळे, धर्मशाळा, अन्नसत्र अशा लोकोपयोगी कामांना धर्मशास्त्रात ‘पूर्त’ म्हणतात, आणि त्यांपैकी जलाशय लोकांच्या स्वाधीन करण्याच्या विधीला ‘उत्सर्ग’ ही संज्ञा आहे. दानात वस्तू एका निश्चित व्यक्तीच्या मालकीची होते. उत्सर्गात मात्र कर्ता सर्व प्राणिमात्रांसाठी स्वामित्व सोडतो, आणि पुढे त्याच तळ्याचे पाणी त्याने प्यायले तरी ते सर्वांपैकी एक म्हणूनच पितो. लहान शहरांत विजेच्या वाहनांसाठी उभारली जाणारी सार्वजनिक चार्जिंग केंद्रे या अर्थाने पूर्त ठरतात काय, हा प्रश्न गांभीर्याने विचारण्याजोगा आहे.

येथे मोबदला घेतला जातो, हा आक्षेप फारसा टिकत नाही. वाहन चार्ज करून देणे ही विजेची विक्री नसून सेवा आहे, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले, त्यामुळे त्यासाठी वेगळ्या परवान्याची गरज उरली नाही. शिवाय तळे पावसाने भरते, वीज मात्र युनिटागणिक विकत घ्यावी लागते. तेव्हा वाजवी दर आकारल्याने सार्वजनिकता उणावत नाही. ती उणावते ती दार कोणासाठी बंद राहते यावरून, आणि याचा सर्वांत कठोर धडा महाड या लहानशा शहरानेच महाराष्ट्राला दिला आहे. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला, महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले, तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेला आलेले हजारो लोक तळ्यावर जाऊन पाणी प्यायले तेव्हाच तो हक्क प्रथम बजावला गेला, आणि त्यानंतरही त्यांच्यावर हल्ले झाले. जातीने केलेला तो अपमान आणि आजची गैरसोय यांची तुलना करणे अन्यायाचे होईल. घ्यायचा तो एवढाच बोध की ठरावाने वस्तू सार्वजनिक होत नाही, ती वापरता आली पाहिजे.

ज्याच्या घरी अंगण आणि स्वतःचा मीटर आहे, त्याला सार्वजनिक केंद्राची गरज क्वचितच पडते; ती पडते वरच्या मजल्यावरून गल्लीत वायर सोडता न येणाऱ्या भाडेकरूला, रिक्षाचालकाला, सामान पोहोचवणाऱ्या मुलाला. केंद्र मात्र बहुधा मोटारवाल्याचा विचार करून बांधले जाते. तीस युनिट क्षमतेची बॅटरी ३.३ किलोवॉटच्या साध्या सॉकेटवर भरायला नऊ तासांहून अधिक लागतात, तर ३० किलोवॉटच्या वेगवान यंत्रावर तासाभराच्या आसपास. म्हणून महामार्गावरच्या प्रवाशाला वेगवान यंत्र हवे, हे खरेच. पण तीनेक युनिटांची बॅटरी असलेल्या दुचाकीला साधे सॉकेट पुरते, आणि ते रात्रभर लाभले तर रिक्षेचेही भागते. जिथे स्मार्टफोन, ॲप आणि त्यात आगाऊ भरलेली रक्कम यांवाचून यंत्र सुरूच होत नाही, किंवा जे हॉटेलच्या फाटकाआड असून फाटक रात्री बंद होते, तिथे पाटीवर ‘सार्वजनिक’ लिहिलेले असूनही उत्सर्ग अपुरा राहिला असे म्हणावे लागते. नगरपरिषदेने रिक्षा थांब्याजवळ दिव्याच्या उजेडात मीटर लावलेली साधी सॉकेटे बसवावीत, रोख पैसे घेणारा माणूस नेमावा, आणि मुख्याधिकाऱ्यांची गाडी आली तरी तिला रांगेतच उभे करावे.