आधी जा
शास्त्रपाठ : मत्तय ५:२३, २४



मी राहतो ते रायापूर हुबळी व धारवाड यांच्या दरम्यान, हमरस्त्यावर आहे. दोन्ही शहरांमधले अंतर सुमारे २० किलोमीटर. बस चुकली तर आम्ही कुरकुर करतो. पायी निघण्याचा विचारही कोणाच्या मनात येत नाही. परंतु जवळजवळ एवढेच अंतर रोज पायी चालणारा एक मराठी माणूस होऊन गेला. त्याचा एक दिवस आज आपण पाहू.

विनोबा भावे यांचा जन्म १८९५ साली कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे गावी झाला. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे भूमिहीन दलित कुटुंबांनी त्यांच्यापाशी ८० एकर जमीन मागितली. विनोबांनी गावापुढे शब्द टाकला आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तेथून भूदानाची पदयात्रा सुरू झाली. ती १९६४ पर्यंत, सुमारे १३ वर्षे चालली. तेव्हा त्यांचे वय ५५ होते आणि पोटाचे दुखणे जुने होते.

त्यांचा दिवस कसा असे? पहाटे अंधारात उठणे, प्रार्थना, आणि कंदिलाच्या उजेडात चालू लागणे. दहा-बारा मैल चालून पुढचे गाव. तेथे लोकांच्या भेटी, सूतकताई, थोडे दूध-दही. मग प्रार्थनासभा. मला तुमच्या घरचा एक मुलगा समजा आणि माझा वाटा द्या, असे ते मागत. रात्री लवकर झोप. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा कंदील!

आता आपल्या वचनाकडे वळू. प्रभू सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाची तक्रार आठवली, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जा, समेट कर. हे बोल गालीलात, डोंगरावर बोलले गेले. वेदी मात्र यरुशलेमेत होती. गालीलाहून तेथे जाण्यास पायी सुमारे तीन दिवस लागत. म्हणजे तीन दिवस परत जा, समेट कर, आणि तीन दिवस चालून पुन्हा ये! शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी नकाशावर ही वाट मुलांना अवश्य दाखवावी. ‘जा’ हा शब्द किती लांबीचा आहे हे मग त्यांना कळेल.

हे लिहिणारा तुमच्याहून बरा नाही. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून माझे थोरले बंधू आणि मी दोन वर्षे बोलत नव्हतो. ते हुबळीस राहतात. प्रार्थनेत मी अनेकदा म्हटले, “प्रभो, मी दादाला क्षमा केली आहे.” भूदानात कागदावर मिळालेली पुष्कळ जमीन भूमिहीनांच्या हाती कधी पोहोचलीच नाही, हे आपण जाणतो. माझी क्षमाही तशीच होती. देवाच्या दप्तरी नोंदवली, दादाला मिळाली नाही.

हाच शास्त्रपाठ उपदेशासाठी काढून बसलो, आणि पुढे लेखणी चालेना. दुसऱ्या दिवशी बसने हुबळीस गेलो. दादांनी दार उघडले, क्षणभर पाहिले आणि “ये” एवढेच म्हणाले. चहा झाला. घराचा विषय कोणीच काढला नाही. मीच निघताना म्हणालो, “दादा, माझे चुकले.” ते काही बोलले नाहीत, पण बसथांब्यापर्यंत सोबत आले.

वाद अजून मिटलेला नाही. मला पुन्हा जावे लागणार आहे. पण तेरा वर्षांची वाट कोणी एका दिवसात चालत नाही. आजच्या वाट्याचे आज चालावे, उद्याचे उद्या.

प्रिय वाचका, येत्या रविवारी दानाच्या थैलीत हात घालण्यापूर्वी तुला कोणाचा चेहरा आठवतो? त्याचे घर किती दूर आहे? प्रभू आपल्याला अंतर विचारत नाही. तो म्हणतो, आधी जा.

हे प्रभो, आमच्या पायांना आज निघण्याची बुद्धी दे. आमेन.