वीरगती आणि दुर्मरण

आपल्या धर्मशास्त्राने मृत्यूचेही वर्ग पाडून ठेवले आहेत. रणांगणात शस्त्राने पडलेल्या क्षत्रियाचा यज्ञ तत्क्षणी पूर्ण होतो व त्याचे आशौचही तेथेच फिटते, असे मनुस्मृती सांगते. उलटपक्षी जो आगीत होरपळून, पाण्यात बुडून किंवा उंचावरून कोसळून जातो त्याचे मरण ते दुर्मरण, आणि त्याच्या सद्गतीसाठी नारायणबलीचा विधी मागे राहिलेल्यांनी करावयाचा. ज्यांनी ही विभागणी केली त्यांच्या डोळ्यांसमोर रथ आणि हत्ती होते; युद्धाची तालीमच युद्धासारखी माणसे खाईल, ही कल्पना त्यांना शिवणे शक्य नव्हते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर दलाचे पंचावन्न हजारांहून अधिक विमानसैनिक कामी आले, आणि त्यांपैकी आठ हजारांच्या आसपास प्रशिक्षणात किंवा तत्सम अपघातांत, शत्रू समोर नसताना, गेले. त्यांची गणना कोणत्या वर्गात करावयाची?

रिचर्ड हिलरी हा लढाऊ विमानदलातला. पण या प्रश्नाची गाठ त्याच्या चरित्रात जितकी घट्ट बसली आहे तितकी क्वचितच कोठे आढळेल. १९१९ साली सिडनीत जन्मलेला, ऑक्सफर्डमध्ये शिकलेला हा देखणा, काहीसा उद्धट तरुण ३ सप्टेंबर १९४० रोजी स्पिटफायर विमानातून लढत असता पेटला, आकाशातून पडला आणि मार्गेटच्या बाजूच्या समुद्रात सापडला. अग्नी, पतन आणि जल अशी दुर्मरणाची तिन्ही लक्षणे एकाच प्रहरात त्याच्या वाट्याला आली, आणि तरीही तो त्या दिवशी गेला असता तर शास्त्राने त्याला निःसंशय वीरगतीच दिली असती. लाटांवर तरंगताना वेदना असह्य होऊन त्याने अंगावरच्या जाकिटातली हवा सोडून दिली. परंतु पॅराशूटने त्याला बुडू दिले नाही, आणि बचाव-नौकेने उचलले. पुढे मॅकिंडो या शल्यविशारदाने त्याला नव्या पापण्या करून दिल्या. बोटे मात्र आखडलेलीच राहिली. सुरीकाटा धरणेही जिकिरीचे होते, असे त्याला पाहणारे सांगत.

त्याच्या पुस्तकात पीटर पीझ या श्रद्धाळू ख्रिस्ती मित्राशी आगगाडीत झालेला वाद आहे. हिलरी म्हणे, मी लढतो तो केवळ स्वतःसाठी. पीझचा ईश्वरावर आणि कर्तव्यावर भरवसा. तो पीझ १५ सप्टेंबर १९४० रोजी लढाईत पडला. श्रद्धावंताला रणांगण लाभले, संशयी मागे उरला, आणि त्या संशयी माणसाने आपल्या पुस्तकाला ‘द लास्ट एनिमी’ हे नाव दिले, ते संत पॉलच्या पत्रातून, जेथे मृत्यूला नष्ट व्हावयाचा शेवटचा शत्रू म्हटले आहे.

पुस्तकाने कीर्ती मिळवून दिल्यावर घरी बसण्यास त्याला कोणाची हरकत नव्हती. तरी तो अर्ज-विनंत्या करून पुन्हा रुजू झाला, आणि ८ जानेवारी १९४३ रोजी स्कॉटलंडमधील चार्टरहॉल येथे रात्रीच्या सरावात त्याचे ब्लेनहाइम विमान कोसळले. तेविसाव्या वर्षी त्याची राख विमानातून इंग्लिश खाडीवर विखुरण्यात आली. आर्थर कोस्लरसारख्या मित्राने त्याच वर्षी त्याच्यावर लेख लिहून त्या परतण्यामागची कारणे चाचपली. काहींना त्यात मृत्यूची ओढ दिसली. मला हा निवाडा घाईचा वाटतो. मरावयाचेच असते तर इतक्या अर्जांचा खटाटोप कशाला? जो मित्रांमागून जगला, त्याला आरामाची खुर्ची टोचत असावी, इतकेच.

शिवाय त्या विमानात तो एकटा नव्हता. त्याचा दिशादर्शकही त्याच क्षणी गेला. त्याने ना पुस्तक लिहिले, ना त्याच्या हेतूविषयी कोणी लेख लिहिला. हिलरीच्या संकल्पात वीरगती शोधावी तर हा मनुष्य कोणाच्या संकल्पाचा भागीदार ठरतो? प्रारब्ध म्हणून हात झटकणे सोपे, पण मरणाला अर्थ देणारा संकल्प ज्याचा त्याचाच असला पाहिजे, आणि आखडलेल्या हातांच्या वैमानिकाशेजारी रात्री बसणाऱ्याजवळ तो नव्हताच, असे कोणत्या आधारावर म्हणावे? हा प्रश्न मला हिलरीच्या प्रश्नाहून अवघड वाटतो. तथापि आपल्याच पंचांगात एक उदार नोंद आहे. भाद्रपद वद्य चतुर्दशीला शस्त्राने मेलेल्यांचे श्राद्ध होते, आणि अपघाताने गेलेल्यांचेही त्याच तिथीस. तेथे भटजी गोत्र आणि नाव विचारतात, मारणारा कोण होता हे विचारत नाहीत.