बांबू कोणी तोडायचा?

मेळघाटात बनलेली बांबूची राखी किंवा दिवा घेताना शहरातलं गिऱ्हाईक तिची वीण पाहतं, प्लास्टिक नाही याचं समाधान मानतं आणि पैसे देतं. समाधान खरं आहे, पण अपुरं. तो बांबू कोणी तोडला, केव्हा तोडला आणि तोडू द्यायचं कोणाच्या हाती होतं, हे कळल्याशिवाय ती वस्तू पर्यावरणस्नेही कशी म्हणावी?

धारणी तालुक्यातल्या लवादा इथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं. नागपूरचे वास्तुविशारद विनू काळे यांचा बांबूचा ध्यास त्यामागे होता. कोरकू तरुण-तरुणी तिथे राखीपासून घरापर्यंत सगळं बांबूत घडवू लागले. २०२१ मध्ये करोनाने सुनील देशपांडे यांना नेलं, ही मेळघाटाची फार मोठी हानी आहे. मात्र कोरकूंना कला बाहेरून मिळाली असं कोणी समजू नये. मृतांच्या स्मरणार्थ सागाच्या फळीवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरणारे हे लोक आहेत. मुंडा म्हणतात त्या स्मृतिफळ्यांपुढे उभं राहिलं की हात किती जुना आहे ते दिसतं.

आपल्या रानातला बांबू म्हणजे मुख्यतः मानवेल. त्याच्या बेटातले यंदाचे आणि गेल्या वर्षीचे कोंब राखायचे, पक्व काठी तेवढी पावसाळा सरल्यावर काढायची, म्हणजे बेट जगतं. कोवळी काठी तोडली तर बेट खंगतं आणि वस्तूलाही भुंगा लागतो. हा संयम पाळणं त्यालाच परवडतं, ज्याला पुढच्या वर्षीही तेच बेट आपल्या हाती असेल याची खात्री असते. उद्या ठेकेदार येऊन सगळं कापणार असेल तर आज कोणी काय म्हणून राखावं?

ही खात्री कायद्याने दीर्घकाळ नाकारली. १९२७ च्या वन कायद्याने बांबूला झाड ठरवलं. २००६ च्या वनहक्क कायद्याने तो गौण वनोपज झाला, आणि २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार मिळाला. २०१७ च्या दुरुस्तीने बांबू झाडाच्या व्याख्येतून वगळला, पण तिचा उपयोग रानाबाहेरच्या बांबूलाच.

तोडीचा संयम नियमात कसा बांधता येतो, ते दूरवर पाहायला मिळतं. ब्राझीलच्या तोकांतिन्स राज्यात, जालापाऊच्या माळावर, मुंबुका नावाचं आफ्रिकी वंशाच्या लोकांचं गाव आहे. तिथल्या बाया सोनेरी गवताच्या काड्या ताडाच्या धाग्याने शिवून टोपल्या, दागिने करतात. गवत २० सप्टेंबरच्या आधी कापायचं नाही आणि बियांचे तुरे तिथेच खुडून टाकायचे, असा तिथे नियम आहे. वस्तूचा डौल जगभर वाखाणला जातो. मला मात्र त्या तारखेचं मोल अधिक वाटतं.

वऱ्हाडातही तोडीचा असा नियम व्हायला हवा. परतवाड्याजवळच्या पायविहीरने सामूहिक वनहक्काच्या बळावर उजाड रान राखलं आणि त्यातली सीताफळं स्वतः विकली. बांबूचंही तसंच होऊ शकतं, आणि त्यात गावोगावच्या बुरूड कारागिरांना वाटा हवा. सूप-टोपल्या विणणाऱ्या या माणसांना कोणी डिझायनर म्हणत नाही, आणि त्यांच्या सुपाचा भाव करताना आपण दहा रुपयांसाठी अडून बसतो. अमरावती-अकोल्यातल्या विक्रेत्यांनी किमतीच्या चिठ्ठीवर ग्रामसभेचं नाव आणि तोडीचा महिना छापावा. गिऱ्हाइकाने ती चिठ्ठी मागावी.